जिच्यावर त्या बसतात ती खुर्ची

मंगळवारी सकाळी जिन्याखालच्या भिंतीवर एक इंग्रजी कागद चिकटला आणि मोठ्या बाईंचं डोकं फिरलं.

कागद वाचता आला नाही म्हणून नव्हे. वाचता आला नाही हे त्यांनी कबूलच केलं नव्हतं. चष्मा वर करून, खाली करून, मान तिरकी करून त्यांनी तो चांगला पाच मिनिटं पाहिला, "हं, असं आहे होय," असं त्या कागदालाच म्हणाल्या, आणि पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क दुधाची पिशवी घेऊन आत येताना दिसले तसं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं हो याबद्दल?"

हेडक्लार्कांना एवढंच हवं असतं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यापुढे कुणी कागद ठेवला नव्हता. त्यांनी दुधाची पिशवी कठड्याला टांगली, खिशातून पेन काढलं (वाचायलासुद्धा त्यांना पेन लागतं) आणि खुलासा केला. इमारतीचा कारभार आता एका कंपनीकडे गेला होता. कंपनीचं ऑफिस कुठल्या तरी लांबच्या शहरात होतं आणि तिथं फक्त इंग्रजी चालत होतं. जिन्याखालची सगळी अडगळ शनिवारी दुपारी बारा वाजता ट्रकमध्ये भरून नेणार होते. ज्याला आपली वस्तू राखायची असेल त्यानं तिचं नेमकं वर्णन करून शुक्रवारपर्यंत लेखी अर्ज द्यावा.

"अडगळ म्हणजे कुठली?" बाईंनी विचारलं.

हेडक्लार्कांनी घसा साफ केला आणि बाईंच्या खाली पाहिलं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या.

आता त्या खुर्चीला अडगळ म्हणणाऱ्याच्या जिभेला काही हाड आहे का? चार वर्षांपूर्वी बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तिसरा मजला चढण्याआधी दहा मिनिटं बसत जा असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी ही काळ्या लाकडाची, दोन हातांची खुर्ची घरातून खाली आली. डाव्या हातावर बाईंच्या किल्ल्यांनी ठोकून ठोकून पाडलेला खड्डा. बैठकीचा वेत दोनदा नव्यानं विणलेला. मागच्या एका पायाखाली चार घड्या घातलेला पुठ्ठा, कारण फरशी वाकडी. खुर्ची सरळच आहे. दहा मिनिटांचे दोन तास कधी झाले ते बाईंनाही कळलं नाही. रोज पाच ते सात. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीतून काय डोकावतंय, कोण कुणाशी बोलेनासं झालंय, सगळं तिथून दिसायचं. पाठीमागे लोक त्यांना 'चौकी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"एवढं काय त्यात, आई?" संध्याकाळी चिरंजीव बूट काढता काढता म्हणाले. "खुर्ची वर आणून ठेवू."

"आण. खुर्ची खाली आहे म्हणून मी खाली जाते. खाली जाते म्हणून चालते. चालते म्हणून दोन तास तुमच्या डोक्यावर नसते. खुर्ची वर आली की मीही वरच. सकाळपासून रात्रीपर्यंत. बघ, परवडतंय का."

चिरंजीवांनी तीन खोल्यांवरून नजर फिरवली, मग बायकोच्या चेहऱ्यावरून. "अर्ज करू," ते घाईनं म्हणाले. "अर्जच बरा."

अर्ज लिहायचा कुणी, हा प्रश्न नव्हता. सूनबाई औषधांच्या गोदामाच्या ऑफिसात होत्या. वरची जागा हवी तर लेखी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती, म्हणून दोन महिने त्या क्लासला जात होत्या. प्रश्न होता तो वर्णनाचा. आणि इथं बाईंची एक सवय सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

बाई कुणाचं नाव घेत नसत. नाव काय, आईबापांनी ठेवलेलं असतं, त्यात माणसाचं कर्तृत्व काय, असं त्यांचं म्हणणं. माणूस ओळखायचा तो त्यानं जे केलं त्यावरून. हेडक्लार्क म्हणजे 'ज्यांनी नळ उघडा टाकून जिन्याचा धबधबा केला ते'. दाताच्या डॉक्टरांची बायको म्हणजे 'जी वस्तू नेते आणि आणून देत नाही ती'. दुसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी म्हणजे 'ज्यांचे मासे मेले ते'. घड्याळजींनी त्यानंतर किती घड्याळं दुरुस्त केली असतील, पण बाईंच्या दफ्तरी मासे मेले ते मेले. एकदा चिकटलेली ओळख पुन्हा निघत नसे.

आणि सूनबाई म्हणजे 'जी दूध उतू घालवते ती'. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवशी एकदा, फक्त एकदा, दूध उतू गेलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं सूनबाई दुधासमोर पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहत होत्या. दाराची घंटा वाजो, फोन वाजो, हलत नसत. पण पाहुणे आले की बाई सांगायच्या, "ही का? ही आमची, जी दूध उतू घालवते ती." पाहुणे हसायचे. सूनबाईही हसायच्या. आत ओट्याशी गेल्यावर हसायच्या की नाही, ते कुणी पाहिलं नाही.

बुधवारी क्लासहून आल्या आल्या सूनबाई वही घेऊन बसल्या. "आई, आमचा धडा नेमका हाच चाललाय. वस्तूची ओळख कशी पटवायची. इंग्रजीत आधी वस्तूचं नाव घ्यायचं, मग माणूस असेल तर 'हू' आणि वस्तू असेल तर 'व्हिच' लावायचं, आणि मग माहिती. म्हणजे 'ती खुर्ची, जी अशी अशी आहे'."

"म्हणजे मी जन्मभर बोलत आले तेच की! त्याला क्लास कशाला? आणि ही काय उलटी तऱ्हा, आधी खुर्ची सांगून टाकायची? आपण कसं, 'जी अशी अशी आहे' म्हणत म्हणत खुर्चीपर्यंत जातो. ऐकणारा जरा तरी थांबतो. त्यांना धीरच नाही."

"आणि मास्तर म्हणाले, ओळख पटण्यापुरतीच माहिती द्यायची. जास्तीची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम घालायचे. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, ही गाळली तरी चालेल."

"माझं काय गाळलं तरी चालेल?"

"तुमचं नाही हो आई, माहिती."

"माझी माहितीच ना? एक स्वल्पविराम घालायचा नाही."

सूनबाईंनी सुटसुटीत वाक्य लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं: "जिन्याखाली जी काळ्या लाकडाची खुर्ची आहे, ती माझ्या सासूबाईंची आहे."

"झालं? खाली चार खुर्च्या आहेत. चारी काळ्या. बाकीच्या तीन कुणी टाकल्यात ते देव जाणे. उद्या माझी जाईल ट्रकमध्ये आणि ती पाय मोडकी मला देतील. मग बसू का मी तिच्यावर?"

मुद्दा खरा होता. तेवढ्यात हेडक्लार्क वर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कागदाचा वास त्यांना दोन मजले येतो. कंपनीला पत्र म्हणजे मजकूर नि:संदिग्ध पाहिजे, असं त्यांनी बजावलं. खुर्चीच्या चतु:सीमा द्या. डावीकडे काय, उजवीकडे काय, वर काय, मागे काय. आणि सगळं एका वाक्यात, कारण दोन वाक्यं केली की दोन टेबलांवर जातात. डाव्या बाजूला माशांची काचेची पेटी, उजव्या बाजूला चौकट नसलेलं दार, डोक्यावर भिंतीला लावलेली शिडी, मागे सायकल, पुढचं चाक नसलेली. हेडक्लार्कांनी तपासलं, खाली बारीकशी सही केली आणि तृप्त मनानं गेले.

"आता खरं लिही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माशांची पेटी, माशांची पेटी काय नुसती? कुणाची ते नको? तिथं बसलेल्या बाबाला कसं कळणार?"

गुरुवारी संध्याकाळपर्यंत पत्र असं झालं: ती खुर्ची, जी त्या माशांच्या पेटीच्या उजवीकडे आहे, जी त्या घड्याळजींची आहे, ज्यांचे मासे ते बहिणीकडे आठ दिवस मुक्कामाला गेले म्हणून मेले, आणि जी त्या शिडीच्या खाली आहे, जी त्या हेडक्लार्कांची आहे, ज्यांनी नळ उघडा टाकला, आणि जी दाताच्या डॉक्टरांच्या त्या बायकोने नेली, जी एक मजला चढून ती परत देण्याऐवजी इथेच टाकून गेली, आणि जिची स्वतःची प्लास्टरच्या जबड्यांची पेटीही इथेच आहे... पुढं दार होतं, सायकल होती, बाकीच्या तीन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीच्या मोडक्या पायाची हकीकत होती. वाक्य पहिलं पान ओलांडून दुसऱ्यावर उतरलं तरी संपायचं नाव घेईना. आधी सूनबाई वहीत बघून 'हू' की 'व्हिच' ते ठरवत होत्या. नंतर त्यांचा हात आपोआप चालू लागला, जसा दळायला बसलेल्या माणसाचा चालतो.

"खाली सही," सूनबाईंनी सुस्कारा सोडला.

"सही कुणाची ते नको का कळायला? लिही, अर्ज लिहिणारी ती सून, जी दूध उतू घालवते."

सूनबाईंचं पेन थांबलं. "आई, हे कशाला?"

"ओळख पटायला. इमारतीत सुना काय कमी आहेत?"

सूनबाईंनी ओठ मिटले आणि लिहिलं. अगदी नीट, व्याकरणशुद्ध, आणि दोन्ही बाजूंना ठसठशीत स्वल्पविराम घालून. बाईंना स्वल्पविराम दिसले नाहीत, किंवा दिसले तरी त्या काही बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी चिरंजीवांनी पत्राचे फोटो काढून कंपनीकडे पाठवले. तेव्हापासून बाईंच्या जिवाला थारा नव्हता. दिवसभरात सात वेळा खाली, सात वेळा वर. गुडघे कुरकुरले तर गुडघ्यांना झापलं. खुर्ची जागेवर होती. शेजारची माशांची पेटी त्यांनी चार बोटं आणखी डावीकडे सरकवली आणि मग पत्रातलं वर्णन चुकेल या धास्तीनं परत चार बोटं उजवीकडे आणली. चिरंजीवांना फोन करून विचारलं, "आलं का उत्तर?" ते म्हणाले, "आई, पाठवून वीस मिनिटं झालीत." बाई म्हणाल्या, "वीस मिनिटांत माणूस एक पान वाचत नाही? कसली ती कंपनी!"

शनिवारी सकाळी अकरा वाजता बाई ठेवणीतली साडी नेसत होत्या, कारण खुर्चीचा ताबा घ्यायचा म्हणजे तसं दिसायला हवं. सूनबाई दुधासमोर उभ्या होत्या. दार वाजलं. बाहेर दोन हमाल होते, मध्ये माशांची पेटी.

"बाई, कुठं ठेवू? अजून दहा नग आहेत."

"ही माझी नाही!"

"यादीत तुमचीच आहे." हमालानं खिशातला कागद पुढं केला. मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "आणि हा दंतवैद्य कुठं मिळेल? खाली तर दिसला नाही."

सूनबाई बाहेर आल्या आणि यादी वाचू लागल्या. कंपनीतल्या कुणी तरी कर्तव्यदक्ष माणसानं पत्रात जे जे आलं त्या प्रत्येकाखाली लाल रेघ मारली होती आणि ते सगळं ओळीनं बाईंच्या नावावर चढवलं होतं. माशांची पेटी, एक. शिडी, एक. दार, चौकट नसलेलं, एक. सायकल, पुढचं चाक नसलेली, एक. खुर्च्या, तीन. जबड्यांची पेटी, एक. घड्याळजी, एक. हेडक्लार्क, निवृत्त, एक. दंतवैद्य, एक.

"तीन खुर्च्या?" बाई म्हणाल्या. "चार हव्यात."

"तीनच आहेत, आई."

तोवर शिडी आत आली होती आणि दिव्याला लागली होती. दार आलं ते दारातच अडकलं. सायकल न्हाणीघरात गेली. एकामागून एक तीन खुर्च्या आल्या, त्यात ती मोडक्या पायाचीही होती, आणि एकही बाईंची नव्हती. मग जबड्यांची पेटी उघडली जाऊन पन्नास-साठ पांढरे जबडे बैठकीच्या फरशीवर पसरले आणि बाईंकडे बघून हसू लागले.

बाई त्यांच्यावरून पाय टाकून निघाल्या. तिन्ही मजले, मध्ये कुठंही न टेकता. जिन्याखालची जागा स्वच्छ झाडलेली होती, ट्रक दाराशी उभा होता, आणि उरलेल्या एकट्या खुर्चीला तिसऱ्या हमालानं हात घातला होता. बाईंनी त्याचा हात बाजूला केला आणि बसल्या.

"उठा, मावशी," कंपनीचा व्यवस्थापक म्हणाला. कोवळा माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात पत्राची प्रत. "ही खुर्ची यादीत नाही."

"सगळं पत्र हिच्याबद्दल आहे!"

"म्हणूनच नाही. पत्राच्या सुरुवातीला जे येतं तो विषय. विषय आमच्याकडे फायलीच्या पुठ्ठ्यावर लिहितात. यादीत फक्त त्याच्या खालचा मजकूर जातो. पुठ्ठ्यावर 'खुर्ची' आहे, बघा ना."

ट्रक पाहायला सगळी इमारत जिन्यात जमलेलीच होती. जिन्याखालचं सामान आपोआप तिसऱ्या मजल्यावर गेलेलं पाहून जो तो मनातून खूश होता. हेडक्लार्क पुढं झाले आणि म्हणाले, "पत्र मी तपासलं आहे. नि:संदिग्ध आहे. मोठ्यानं वाचा." आणि व्यवस्थापकानं ते वाचलं, वाचता वाचता मराठी करून.

माशांपाशी घड्याळजी म्हणाले, "बहिणीची तब्येत बरी नव्हती हो!" नळापाशी हेडक्लार्कांनी पेन खिशात घातलं. शिडीपाशी दाताच्या डॉक्टरांची बायको कठड्यावरून ओणवली आणि म्हणाली, "आणि यादीत माझा नवरा तुमच्या नावावर कसा गेला, ते सांगा आधी!"

"घेऊन जा गं तुझा नवरा, मला काय करायचाय?" बाई म्हणाल्या. "तशीही वस्तू परत करायची पद्धत आहे आमच्याकडे."

पण आवाजात नेहमीची धार नव्हती. व्यवस्थापकाचं वाचन शेवटच्या ओळीवर आलं होतं. "अर्ज लिहिणारी ती सून," त्यानं वाचलं, "जी दूध उतू घालवते." जिन्यात कुणी तरी फिसकन हसलं. वरच्या पायरीवर सूनबाई उभ्या होत्या, एका हातात यादी आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, एक प्लास्टरचा जबडा.

"बाराला सहा मिनिटं आहेत," व्यवस्थापक म्हणाला. "बारापर्यंत दुरुस्ती म्हणून नवा अर्ज घेता येईल. नाहीतर ट्रक."

बाईंनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्क छताकडे पाहत होते. घड्याळजींकडे पाहिलं, ते मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत होते. मग बाईंनी वर पाहिलं. मागायची सवय नसलेलं माणूस काय बोलणार? खुर्चीच्या हातावरच्या खड्ड्यात अंगठा दाबून नुसत्या बसून राहिल्या.

सूनबाई सावकाश खाली आल्या. जबडा त्यांनी डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिला. यादी उलटी करून भिंतीला टेकवली, व्यवस्थापकाच्या खिशातलं पेन न विचारता काढून घेतलं आणि एक ओळ लिहिली. एकच.

"काय लिहिलंस?" बाईंनी हळू विचारलं.

"ज्या खुर्चीवर माझ्या सासूबाई आत्ता बसल्या आहेत, ती खुर्ची त्यांची आहे."

"बस? एवढंच?"

"एवढ्यानं ओळख पटते, आई."

व्यवस्थापकानं ओळ वाचली. खुर्चीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. दुसरी खुर्ची नव्हती आणि दुसऱ्या बाई नव्हत्या. त्यानं शिक्का मारला. मग जुनं पत्र पुन्हा चाळलं, कारण तिसऱ्या मजल्यावरचे बाकीचे नग आता कुणाचे, हा प्रश्न उरला होता; आणि त्या पत्रात तर माहीत असलेला प्रत्येक धनी त्याच्या कर्तृत्वासकट लिहिलेला होता. हमालांनी पुन्हा कंबर कसली. माशांची पेटी दुसऱ्या मजल्यावर गेली, शिडी पहिल्या, जबडे डॉक्टरांकडे. तीन खुर्च्या, दार आणि सायकल यांना धनी नव्हता, ते नग ट्रकमध्ये गेले. जिन्यातली गर्दी पटापट पांगली, कारण आपापल्या दारात जाऊन 'आमची नाही' म्हणायचं होतं.

व्यवस्थापक फॉर्म भरत होता. "अर्ज लिहिणाऱ्याचं वर्णन हवं. जुन्या पत्रातलंच घालू?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. पदर सावरला, पाठ ताठ केली. "लिहा. जिनं माझी खुर्ची वाचवली ती."

सूनबाईंनी खाली पाहिलं. आणि तेवढ्यात तो वास आला. तिसऱ्या मजल्यावरून, सगळ्या जिन्यातून, सावकाश उतरत. हमाल आले तेव्हा गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाऊन, आटून, करपून गेलं होतं. नऊ वर्षांचा पहारा एका सकाळी सुटला होता. पहिल्या मजल्यावर निघालेले हेडक्लार्क थबकले आणि त्यांनी नाक वर केलं. सूनबाई पांढऱ्याफटक पडल्या.

बाईंनी एकदा वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"अहो हेडक्लार्क," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तुमच्याकडे काहीतरी लागलंय बघा."

"माझ्याकडे? माझ्याकडे आज गॅसच—"

"लागलंय. जा, बघा जा." किल्ल्यांचं जुडगं खुर्चीच्या हातावर एकदा वाजलं. मग मान न वळवता, फक्त शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात बाई म्हणाल्या, "पातेलं आधी भिजत घाल. घासायला मी येते. दहा मिनिटं बसून."